आत्याचा फोटो आणि पिठाची पिशवी

घरच्या घरी फोटो स्टुडिओ उभारणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. झाला तो सगळा प्रकार होऊनही हे वाक्य मी छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. लागतं काय? एक खोली, एक कॅमेरा, तीन दिवे, मागे लावायला पडदा आणि तो ताणून धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे. यातल्या चिमट्यांबद्दल पुढे बोलूच, कारण चूक कुणाची असेलच तर ती चिमट्यांची आहे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर भिंगं पुसायची, लोकांच्या नाकावर बसवायची आणि "आता कसं दिसतंय?" असं विचारायचं. तेव्हा भिंग, प्रकाश, सावली या विषयात माझा हात धरणारा सहसा सापडायचा नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे. तिच्या मते मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा माणूस आहे. पुरावा म्हणून ती बाथरूमकडे बोट दाखवते. तिथले नळ मी स्वतः दुरुस्त केले, तेव्हापासून गरम पाणी थंडच्या नळातून येतं. पण येतं की नाही?

तर स्टुडिओ काढायचं कारण म्हणजे आत्या.

माझे आई-बाबा दोघंही फिरतीच्या नोकरीवर होते. मला वाढवलं ते आत्याने. आजही ती पलीकडच्याच गल्लीत राहते आणि संध्याकाळी आमच्याकडे असते. बस डेपोत ती तिकीट तपासनीस आहे. चालत्या बसमध्ये मागच्या दाराने चढली की पुढच्या दारापाशी उभा असलेला बिनतिकिटाचा माणूस तिला पाठीवरून ओळखता येतो, म्हणून डेपोत तिला 'दुर्बीण' म्हणतात. लग्न तिने केलं नाही. आधी माझी शाळा होती, मग माझं कॉलेज होतं, मग माझी नोकरी लागत नव्हती. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते माहीत आहे आणि डाचतंही.

मागच्या वर्षी डेपोत एक बेवारस पिशवी सापडली. आत घड्याळांचे सुटे भाग होते आणि एका चिठ्ठीवर फोन नंबर. त्या दिवशी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर आत्या बसली होती. तिने फोन लावला, पिशवी पुढच्या बसने मालकाच्या गावी पाठवून दिली. मालक घड्याळं दुरुस्त करणारे होते. त्यांनी आभाराचा फोन केला. दुसऱ्या दिवशी सगळे भाग नीट पोहोचल्याचा फोन केला. तिसऱ्या दिवशी कशाचा केला ते कुणालाच माहीत नाही, पण तेव्हापासून रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला आत्याचा फोन वाजतो आणि ती तो घेऊन गॅलरीत जाते.

दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. आणि आता घड्याळवाल्यांनी म्हटलं होतं की येत्या रविवारी, संध्याकाळच्या फोनच्या आत, एकमेकांना एकेक फोटो पाठवू.

"मग पाठव की," मी म्हणालो.

"कुठला पाठवू? तूच शोधून दे."

मी अल्बम काढले आणि एकेक पान उलटत गेलो. आत्या प्रत्यक्षात अतिशय हसरी आहे. हसली की तिचे डोळे बारीक होतात आणि समोरचा माणूस उगाचच हसायला लागतो. पण फोटोत मात्र तिला काय होतं कोण जाणे. माझ्या लग्नाचा फोटो घ्या. सगळे हसताहेत आणि कडेला आत्या उभी आहे: डोळे वटारलेले, गाल ताणलेले, मान ताठ, चेहरा जांभळट. पाहणाऱ्याला वाटेल हिचा या लग्नाला सक्त विरोध होता. बायकोला पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं. डेपोच्या ओळखपत्रावरचा फोटो तर असा आहे की नव्या पहारेकऱ्याने तिला फाटकावरच अडवलं होतं.

"व्हिडिओ कॉल करा ना सरळ," बायको म्हणाली. "माझ्या मोबाइलवरून."

"नको," आत्या म्हणाली. "त्यात माणूस हलतो."

या उत्तराकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तोवर दिवे लागले होते.

आत्या अल्बम मिटत हळूच म्हणाली, "एखादा बरा निघाला तर ठीक. नाहीतर मी त्यांना कळवून टाकते, की राहू द्या. हे असलं तोंड पाठवून त्यांना घाबरवण्यापेक्षा आपण होऊन नाही म्हटलेलं बरं."

"आत्या," मी म्हणालो, "रविवारी तुझा असा फोटो काढतो की ते घड्याळं बघायचं विसरतील."

बायकोने कपाळाला हात लावला.

एक स्टुडिओ बंद होत होता, त्याच्या मालकाकडून मी सगळं सामान आणलं. कॅमेरा, तीन दिवे, प्रत्येक दिव्याला पांढऱ्या कापडाचा चौकोनी डबा. प्रकाश त्या कापडातून गाळून येतो म्हणजे तोंडावर मऊ पडतो. कॅमेऱ्यात एक किरकोळ अडचण होती. त्याच्या पडद्यावरच्या सूचना कुठल्या तरी अशा लिपीत होत्या की मालकालाही ती ओळखता येत नव्हती. भाषा बदलायची सोय होती, पण तीही त्याच लिपीत.

"चालेल," मी म्हणालो. "फोटोला भाषा नसते."

"वाक्य छान आहे," तो म्हणाला. "एक लक्षात ठेवा. हा तिसरा दिवा डोक्यावर येतो, आडव्या दांडीच्या टोकाला. दांडीच्या मागच्या टोकाला वजन अडकवायला विसरू नका. नाहीतर दिवा खाली येतो. वाळूची पिशवी घ्या."

रविवारी सकाळपासून मी कामाला लागलो. सोफा स्वयंपाकघरात गेला, जेवणाचं टेबल झोपायच्या खोलीत आणि बायको माहेरी जाण्याच्या बेतात. "पाहुण्यांची करडी चादर कशाला घेतलीत?" तिने विचारलं. मी तिला सांगितलं की ती आता चादर नाही, पार्श्वभूमी आहे.

चादर दोरीवर टाकली. सुरकुत्या दिसता कामा नयेत म्हणून चारी बाजूंनी चिमटे लावून ताणायची होती. दोरीवरचे सगळे चिमटे लागले, तरी खालच्या एका कोपऱ्याला एक कमी पडला. घरभर शोधलं. शेवटी स्वयंपाकघरात सापडला. पिठाच्या मोठ्या कागदी पिशवीचा कोपरा बायकोने कापला होता आणि तोंडाला चिमटा लावून ठेवला होता. मी चिमटा काढला, कोपरा व्यवस्थित दोनदा दुमडला. मी काही निष्काळजी माणूस नाही.

मग वजनाचा प्रश्न आला. वाळू आणायला बाहेर कोण जाणार? आणि समोरच ती पिठाची पिशवी. उचलून पाहिली, हवी तेवढी जड. बाजाराच्या जाळीच्या पिशवीत ती ठेवली, जाळीची पिशवी दांडीच्या मागच्या टोकाला अडकवली. दिवा पुढे, पीठ मागे, मधे दांडी अशी तोलून उभी की तराजूवाल्याने शिकायला यावं. घरात ज्या वस्तू आहेत त्यांतून मार्ग काढणं यालाच मी हुशारी म्हणतो.

खुर्ची ठेवली आणि नुसत्या खुर्चीचे काही फोटो काढून पाहिले. कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं, बायकोला दाखवले.

"कसे आहेत?"

"खुर्ची छान आली आहे," ती म्हणाली. "हसरी वाटते."

आत्या दुपार टळल्यावर आली. नवा निळा स्वेटर, केस नीट विंचरलेले, आणि हातात रुमाल, जो ती सारखा घडी करत होती आणि उलगडत होती. चालत्या बसच्या पायरीवर एका हाताने लटकून भांडणारी ही बाई. पण त्या खुर्चीवर अशी बसली जणू दात काढायला आली आहे. मला एकदम गलबलून आलं. मनात म्हटलं, काहीही होवो, हा फोटो निघालाच पाहिजे.

"छान बसलीस. आता बघ हं इकडे. रेडी!"

झालं. 'रेडी' म्हणताक्षणी आत्याचं जे काय व्हायचं ते झालं. डोळे वटारले, गाल फुगले, मान ताठ. मी म्हटलं, प्रकाश बदलून पाहू. डावा दिवा थोडा मागे घेतला, उजवा पुढे. तोवर तिचा चेहरा लाल झाला. मी कॅमेऱ्यातले रंग जरा थंड केले. तोवर चेहरा जांभळा झाला. मी रंग जरा उबदार केले. बटण दाबलं, तिन्ही दिवे लखकन चमकले, आणि आत्याने हुश्श केलं.

पडद्यावर फोटो आला. तोच. ओळखपत्रावरचा. खाली एक लाल पट्टी उघडमीट करत होती, तिच्यात त्या लिपीतली चार अक्षरं. मला वाटलं कॅमेरा अभिनंदन करतो आहे.

"पुन्हा एकदा. रेडी!"

पुन्हा लाल, पुन्हा जांभळा.

"अहो, त्यांना उकडतंय," बायको म्हणाली. "तोंड बघा कसं झालंय. एवढे दिवे अंगावर सोडलेत तुम्ही." तिने खिडकी उघडली आणि टेबलफॅन आणायला आत गेली.

मी कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होतो. आता एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. वरचा दिवा चौकटीत नव्हता, तो हळूहळू चौकटीत यायला लागला. मी कॅमेरा थोडा खाली केला. थोड्या वेळाने दिवा पुन्हा आत.

"आत्या, वर सरकू नकोस."

आत्या काही बोलली नाही. मी 'रेडी' म्हटलेलं होतं.

"आत्या, अगं उंच होऊ नकोस अशी. खाली बस."

दिव्याचा पांढरा डबा आता तिच्या डोक्यावर वीतभर होता. दांडीच्या मागच्या टोकाकडे पाहायचं मला सुचलं नाही. तिथे दोनदा दुमडलेला कोपरा कधीचाच उलगडला होता आणि जाळीतून पिठाची बारीक धार शांतपणे जमिनीवर पडत होती. चांगला ढीग झाला होता. मागचं वजन कमी होत होतं आणि पुढचा दिवा तेवढाच खाली येत होता. शेवटी डबा अलगद आत्याच्या डोक्यावर टेकला. तिने पापणीही हलवली नाही.

याच वेळी बायको फॅन घेऊन आली. त्या बिचारीने तो जमिनीवर ठेवला, कारण टेबल झोपायच्या खोलीत होतं. आणि तो ठेवला नेमका ढिगाच्या मागे. मग बटण दाबलं.

पुढचं सांगण्यासारखं नाही, कारण पुढचं दिसलंच नाही. खोलीत नुसतं पांढरं. बायको खोकते आहे, मी खोकतो आहे, फॅन मन लावून काम करतो आहे. शेवटी फॅनची वायर पायात अडकून माझ्याच हातून उपटली गेली आणि पांढरं सगळं तरंगत राहिलं. उघड्या खिडकीतून त्याचे लोट बाहेर निघाले. आत्या खुर्चीवर तशीच. डोक्यावर दिवा, अंगभर पीठ.

दुसरा कुणी असता तर त्याने हाय खाल्ली असती. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. आणि खरं सांगतो, धुकं सुंदर दिसत होतं. अशा धुक्यासाठी मोठमोठे लोक यंत्रं भाड्याने आणतात. मी आत्याच्या डोक्यावरचा डबा उचलून बाजूला केला. "कुणी हलू नका," म्हणालो, आणि फोटो काढत सुटलो. प्रत्येक फोटोला तिन्ही दिवे लखकन पेटायचे.

आता हेच बाहेरून कसं दिसत असेल त्याचा विचार करा. खाली अंगणात निवृत्त हेडमास्तर कुंड्यांना पाणी घालत होते. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि इमारतीत काय चाललंय ते त्यांना माहीत नसलं तर त्यांना जेवण जात नाही. त्यांनी वर पाहिलं. खिडकीतून पांढरा लोट, आत ठिणग्या उडाल्यासारखा लखलखाट, आणि एका पुरुषाचं ओरडणं: "कुणी हलू नका!"

त्यांनी झारी टाकली आणि अग्निशमन दलाला फोन लावला. घंटेचा आवाज मी ऐकला, नाही असं नाही. "कुठेतरी आग लागलेली दिसते," मी बायकोला म्हणालोसुद्धा.

ती दार उघडायला गेली तेव्हा मी आत्याला म्हणत होतो, "शेवटचा एक. अगदी शेवटचा. रेडी!" आत्याने डोळे वटारले. आणि माझं बोट बटणावर पोहोचायच्या आत दारातून शिरस्त्राणं घातलेले चार जण पाण्याच्या नळीसकट आत घुसले. त्यांच्यामागे हेडमास्तर, हातात शाळेतली जुनी शिट्टी.

"आग कुठे आहे?" सगळ्यांत पुढचा मिशीवाला साहेब ओरडला.

"आग नाही, पीठ आहे," बायको म्हणाली.

"पिठाला आग?"

"नाही हो. फोटो चाललाय."

"धुरात?"

"धूर नाही. धुकं," मी म्हणालो. "मुद्दाम केलेलं."

"अहो, हवेत पीठ आणि वर तापलेले दिवे? भडका उडायला किती वेळ लागतो माहीत आहे? एक जण खाली जा, मेन स्विच बंद कर. आणि आमची तपासणी झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी पहिल्या दिवसापासून काय सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी साहेबांना प्रकाशाचं शास्त्र समजावून सांगायला लागलो. मुख्य दिवा म्हणजे काय, सावली भरून काढणारा दिवा म्हणजे काय. बोलता बोलता दिवे विझले. खाली कुणीतरी स्विच बंद केला होता. खिडकीतून आलेला संध्याकाळचा उजेड तेवढा खोलीत उरला. तेव्हा नळी धरलेला एक दांडगा जवान चाचरत म्हणाला, "साहेब, खुर्चीवर कोणीतरी आहे."

सगळे वळले. पांढरीशुभ्र आत्या. डोळे सताड उघडे. छाती हलत नाही.

"बाई, ऐकू येतंय का?" साहेब जवळ गेले. उत्तर नाही. त्यांनी तिच्या नाकाशी हात धरला आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. "श्वास नाही. प्राणवायू आणा वरती, लवकर!"

माझी पाचावर धारण बसली. हातातला कॅमेरा छातीशी धरून मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो. "आत्या! अगं आत्या, श्वास घे ना गं!"

आत्याची बुबुळं माझ्याकडे वळली. ओठ न हलवता, दातांतून ती म्हणाली, "झाला का फोटो?"

"सोडा बाई, श्वास सोडा आधी!" साहेब ओरडले.

आत्याने श्वास सोडला. फूऽऽ! तिच्या ओठांवरच्या पिठाचा लोट थेट साहेबांच्या मिशांत गेला. काळ्याभोर मिशा पाहता पाहता पांढऱ्या झाल्या.

"अहो, फोटोत श्वास कशाला कोंडून धरता?" पांढऱ्या मिशांतून ते म्हणाले.

"म्हणजे? घ्यायचा असतो?"

मग तिने सांगितलं. शाळेत पहिला फोटो काढला तेव्हा फोटोवाला म्हणाला होता, श्वास रोखून धर आणि मी सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही. हललीस तर सगळ्या वर्गाचा फोटो बिघडेल. "तेव्हापासून धरते मी. सगळ्यांचा फोटो कशाला बिघडवायचा आपल्यामुळे? पण नंतर कधी कुणी 'सोड' म्हणालंच नाही."

तो दांडगा जवान नळीसकट हसायला लागला. मग साहेब. मग बायको. हेडमास्तरांच्या तोंडात शिट्टी होती, त्यामुळे ते हसले तेव्हा ती वाजली. आणि त्या आवाजावर आत्या हसली. खुर्चीला टेकून, मान मागे टाकून, पिठाने पांढऱ्या झालेल्या पापण्या मिटत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. फोटोत श्वास घ्यायला परवानगी आहे हे कळल्याचं ते हसू होतं.

मी कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं.

पडद्यावर पाहिलं. ती आत्या होती. माझी आत्या, जशी आम्ही रोज पाहतो तशी. खिडकीचा उजेड एका गालावर, पीठ केसांत, आणि ते हसू. मी कॅमेरा सगळ्यांना दाखवला. साहेब म्हणाले, वा. बायकोसुद्धा गप्प झाली, जे लग्नानंतर फारसं घडलेलं नाही. आत्याने रुमालाने हात पुसून कॅमेरा घेतला, बराच वेळ पाहिला.

"ही मी आहे?"

"तूच."

"मग हा पाठवू या," ती म्हणाली. आणि लाजली. मी तिला लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

मी बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद केला. सगळं पीठ खाली बसून पुसून होईपर्यंत मेन स्विच लावायचा नाही अशी समज देऊन, चहा घेऊन बंबवाले गेले. हेडमास्तर चहा घेऊन थांबले. बायको लॅपटॉप घेऊन आली, बॅटरीवर चालू होता. "कार्ड द्या."

मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आत खाच होती. खाचेत काही नव्हतं.

"कार्ड?" बायको म्हणाली.

मी लॅपटॉपकडे पाहिलं. कार्ड तिथेच होतं, सकाळी घातलेलं. त्यात खुर्चीचे फोटो होते. सगळे उत्तम.

घाईघाईने कॅमेरा चालू केला. काळा पडदा आणि ती लाल पट्टी. आता मला तिचा अर्थ कळला. ती दुपारपासून एकच गोष्ट सांगत होती आणि ते अभिनंदन नव्हतं.

"मोबाइलवर काढू लगेच," बायको म्हणाली. "आत्याबाई, हसा बघू तशाच."

"असं सांगून हसू येतं का गं?" आत्या म्हणाली. वीज नव्हती, बाहेर अंधारून आलं होतं. ती उठली, स्वेटर झटकला. "राहू दे. तू खूप धडपड केलीस रे. बरं वाटलं मला. पण नशिबात नाही ते नाही. मी कळवते त्यांना." तेवढ्यात सात वाजले आणि तिचा फोन वाजला.

आत्या फोन घेऊन गॅलरीत गेली. आम्ही ऐकत नव्हतो. आम्ही फक्त दाराला कान लावून उभे होतो, मी, बायको आणि हेडमास्तर.

"हो, बोला... नाही, पाठवला नाही मी... तेच सांगायचं होतं. फोटो काही निघाला नाही, आणि मला वाटतं आपण हे..." मग ती थांबली. बराच वेळ ऐकत राहिली. आणि मग आत्या हसायला लागली. तेच हसू.

ती आत आली तेव्हा आम्ही तिघंही भिंतीवरचं पीठ पुसत होतो.

"त्यांचाही फोटो निघाला नाही," ती म्हणाली. "त्यांच्या भाच्याने घरातच स्टुडिओ उभारलाय. भुवया जळल्या."

"भाच्याच्या?"

"त्यांच्या. म्हणाले, भुवया येईपर्यंत फोटो नको, पण तेवढं थांबवत नाही. म्हणून बुधवारच्या बसने स्वतःच येताहेत. मी म्हटलं, या. मी डेपोवर उभी राहते."

"पण ओळखणार कसं?" बायकोने विचारलं. "फोटो तर कुणीच पाहिला नाही."

"मी म्हटलं, तिकीट हातात धरून उतरा. पुढचं माझ्यावर सोडा."

बायकोने तिला मिठी मारली. पुन्हा सगळीकडे पीठ उडालं. हेडमास्तरांनी डोळे पुसले आणि पिठाला दोष दिला. मलाही फार बरं वाटलं. शेवटी विचार केला तर हे सगळं जुळून आलं कुणामुळे? स्टुडिओमुळेच. आणि दिवे तर अजून उभेच होते. कार्ड परत कॅमेऱ्यात घालायचं असतं तेही आता कळलं होतं. त्या भाच्याचा नंबर घ्यायला हवा, एवढंच मनात आलं. त्याच्या हाताला अनुभव असणार.

"आत्या," मी म्हणालो, "बुधवारी त्यांना इकडेच घेऊन ये. दोघांचा मिळून एक झकास फोटो काढतो."

बायकोने, आत्याने आणि हेडमास्तरांनीसुद्धा श्वास रोखून धरला होता.